काडेपेटीतला रोडरोलर

व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला वहीपूजनाचा अर्थ कळण्याआधी एक गोष्ट कळलेली असते, ती म्हणजे माल फिरता हवा. दुकानाच्या मागच्या फळीवर धूळ खात पडलेल्या मालावर व्याज चढते, जागा अडते आणि अखेरीस तो पडेल भावाने काढावा लागतो. बँकेचा अधिकारी गोदाम तपासायला येतो तेव्हा त्याची नजरही प्रथम त्याच फळीकडे जाते आणि कर्जाची मर्यादा ठरविताना तेवढा माल तो हिशेबातून वगळतो. किराणा असो, कापड असो वा भांडी, हा नियम सर्वांना सारखाच लागू पडतो. मात्र जगात एक बाजार असा आहे की, जेथे न खपलेला, न उघडलेला, वर्षानुवर्षे पडून राहिलेला मालच सर्वांत महाग असतो. हा बाजार लहान मुलांच्या खेळण्यातील मोटारींचा आहे आणि त्यातले गिऱ्हाईक बहुधा पन्नाशी-साठी ओलांडलेले असते.

लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९३३ च्या अखेरीस खेळण्यातील आगगाड्यांच्या भोवती मांडण्यासाठी काही लहान मोटारी बाजारात आणल्या. पुढच्याच वर्षी त्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. मुलाच्या खाऊच्या पैशांत बसावी इतकीच त्यांची किंमत, म्हणजे काही पेनी. त्या पहिल्या काळातील मालवाहू व्हॅनपैकी काहींवर प्रत्यक्षातील दुकानांच्या जाहिराती रंगविलेल्या असत. लंडनच्या आर्चवे रोडवरील डब्ल्यू. ई. बॉइस या दुकानाचे नाव असलेली अशी एक व्हॅन २००८ साली इंग्लंडमध्ये लिलावाला आली आणि १९,९७५ पौंडांना गेली. त्या वेळच्या दराने ही रक्कम सोळा लाख रुपयांच्या आसपास होते. व्हॅनची लांबी बोटाएवढी.

हिशेबाची आवड असलेल्या माणसाला येथे कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय राहवणार नाही. मूळ किंमत सहा पेनी, म्हणजे पौंडाचा चाळिसावा भाग धरली, तर ७४ वर्षांत तिची जवळजवळ आठ लाख पट झाली. चक्रवाढीने हा दर वर्षाला सुमारे वीस टक्के पडतो. पाऊण शतक, मधे एक महायुद्ध, आणि तरीही वीस टक्के! कोणत्या ठेवीने, कोणत्या रोख्याने एवढे दिले असते?

पण हा हिशेब एकेरी नोंदीचा आहे. त्याची दुसरी बाजू लिहायची राहून गेली आहे. १९३४ साली ज्या बापाने मुलाला अशी व्हॅन आणून दिली, त्याला हा परतावा मिळवायचा असता तर काय करावे लागले असते? प्रथम, शेकडो खेळण्यांतून नेमकी हीच व्हॅन निवडावी लागली असती. मग ती मुलाच्या हाती पडू न देता कपाटात बंद करावी लागली असती. लंडनवर बाँब पडत असताना, भंगार गोळा करणाऱ्या मोहिमा दारावर येत असताना आणि पुढे दोन-तीन घरे बदलताना ती सांभाळावी लागली असती. असे कोणी केले नाही. मुलांनी त्या व्हॅन फरशीवर आपटल्या, वाळूत पुरल्या, पावसात विसरल्या. शेजारच्या मुलाशी गोट्यांच्या बदल्यात त्यांचा सौदा केला. त्या सर्व व्हॅनचे मूल्य आज शून्य आहे आणि जी चुकून वाचली तिच्या भावात त्या सर्वांचा वाटा आहे.

या व्यवहाराचे मर्म ज्याच्या आयुष्यात दोन्ही बाजूंनी उमटले, तो माणूस म्हणजे जॅक ओडेल. १९२० साली जन्मलेल्या या इंग्रज कारागिराची शाळा तेराव्या वर्षीच सुटली होती. १९४७ साली लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या नौदलातून परतलेल्या दोन मित्रांनी (आडनाव एक, नाते काहीच नाही) आपापल्या नावांचे तुकडे जोडून ‘लेस्नी’ ही कंपनी काढली. उत्तर लंडनमध्ये ‘रायफलमन’ नावाचे एक बंद पडलेले मद्यगृह घेऊन तेथे त्यांनी धातू ओतण्याचे यंत्र मांडले. धंदा कारखान्यांना लागणारे सुटे भाग ओतून देण्याचा. ओडेल लवकरच त्यांना येऊन मिळाले. वर्षअखेरीला साठा कमी दिसावा म्हणून गिऱ्हाईक कारखाने मागणी आखडती घेत आणि यंत्र रिकामे राही. ही अडचण आपल्याकडील कोणत्याही लघुउद्योजकाला समजावून सांगण्याची गरज नाही. त्या रिकाम्या दिवसांत काहीतरी ओतायचे म्हणून खेळणी सुरू झाली. पहिल्या खेळण्यांत एक रोडरोलर होता. १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने काढलेला छोटा राजरथ दहा लाखांहून अधिक खपला आणि कंपनीला भांडवल मिळाले.

त्याच सुमारास काडेपेटीचा प्रसंग घडला. तो दोन प्रकारे सांगितला जातो. एका कथेप्रमाणे ओडेल यांच्या लहान मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची परवानगी होती. दुसऱ्या कथेप्रमाणे ती खट्याळ मुलगी काडेपेटीत कोळी भरून शाळेत नेई आणि इतर मुलांना घाबरवी. तिचे हे चाळे थांबावेत म्हणून बापाने काडेपेटीत ठेवण्यासाठी दुसरे काही करून द्यायचे ठरविले. कथा कोणतीही खरी असो, वस्तू एकच. ओडेल यांनी आपल्या मोठ्या रोडरोलरची पितळेची अगदी इवलीशी प्रतिकृती केली आणि काडेपेटीत घालून मुलीला दिली. ती शाळेत गेली आणि वर्गातल्या मुलांना तसाच रोलर हवासा झाला.

‘मॅचबॉक्स’ मोटारींचा जन्म असा झाला. खोकेही काडेपेटीसारखेच केले. त्या मोटारी किराणा दुकानात, वर्तमानपत्राच्या टपरीवर, कोठेही मिळत आणि मूल स्वतःच्या पैशांनी त्या घेऊ शके. साठच्या दशकात आठवड्याला लाखोंच्या संख्येने त्या बनत होत्या. इतक्या विपुल वस्तूला पुढे दुर्मीळतेचा भाव येईल असे कोणाला वाटले असते? पण मालाची विपुलता आणि मालाचे टिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांनी मोटारी खेळून संपविल्या. खोकी तर पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेली. आज एखाद्या जुन्या मोटारीचे रिकामे खोके मोटारीहून महाग पडते, ते याच कारणाने.

कॉर्गी कंपनीने १९६५ साली जेम्स बाँडच्या चित्रपटातील ॲस्टन मार्टिन मोटार सोनेरी रंगात काढली. कळ दाबली की शेजारच्या आसनावरचा गुंड छपरातून बाहेर फेकला जाई. अशा मोटारी लाखांनी खपल्या. खोक्यात ‘गुप्त सूचना’ लिहिलेले एक छोटे पाकीट असे आणि एक जादा गुंडही असे, कारण पहिला गुंड हरवणारच हे कंपनीला ठाऊक होते. मुलांनी तो दुसराही हरवला. आज लिलावात अशी मोटार आली की जाणकार माणूस मोटारीकडे नंतर पाहतो. आधी तो विचारतो, पाकीट आहे का? गुंड आहे का? कागदाच्या त्या चिटोऱ्याने आणि नखाएवढ्या बाहुल्याने बोलीचा आकडा बदलतो.

अमेरिकेत याच व्यवहाराने आणखी मोठे आकडे पाहिले. मॅटेल कंपनीने १९६८ साली ‘हॉट व्हील्स’ आणल्या. बारीक तारेच्या आसांवर गरगर फिरणारी चाके, चमकता रंग आणि एका डॉलरच्या आतली किंमत, यांमुळे मॅचबॉक्सचे धाबे दणाणले आणि तिलाही आपली चाके बदलावी लागली. पुढच्याच वर्षासाठी मॅटेलने फोक्सवॅगन व्हॅनचा एक नमुना केला. तिच्या मागच्या काचेतून समुद्रावरील लाटांवर स्वार होण्याच्या दोन फळ्या बाहेर डोकावत होत्या. व्हॅन दिसायला छान, पण अरुंद आणि वरून जड. कंपनीच्या मार्गावर मोटारींना वेग देणारे फिरत्या चाकांचे एक यंत्र होते, त्यातून ती धड जाईना. म्हणून नमुना रद्द झाला, व्हॅन रुंद केली गेली आणि फळ्या बाजूंना लावल्या. नवी व्हॅन बाजारात गेली. जुन्या, फसलेल्या नमुन्याचे मोजके नग कामगारांच्या आणि कारागिरांच्या खिशातून घरोघर गेले. त्यांतील गुलाबी रंगाच्या नगांपैकी फक्त दोन आज ठाऊक आहेत. एक नग वॉशिंग्टनजवळच्या एका संग्राहकाने २००० च्या सुमारास सत्तर हजार डॉलरांहून अधिक देऊन घेतल्याचे सांगितले जाते आणि आज त्याचे मूल्य दीड लाख डॉलरच्या घरात, म्हणजे सव्वा कोटी रुपयांहून अधिक धरले जाते.

‘धरले जाते’ या शब्दांवर कर्ज देणाऱ्या माणसाचे बोट नेहमी थबकते. विक्रीने सिद्ध झालेली किंमत वेगळी आणि मूल्यांकन करणाऱ्याने कागदावर लिहिलेली वेगळी. सोने तारण ठेवून घेताना सराफाची कसोटी असते, त्या दिवशीचा भाव असतो, आणि कर्जदार न फिरकल्यास ते कोठे विकायचे हे माहीत असते. गुलाबी व्हॅनला गिऱ्हाईक जगात दहा-पाच. त्यांतले दोघे आजारी पडले किंवा तिघांची हौस फिटली, तर सव्वा कोटीचे काय होईल, याचे उत्तर कोणत्याही मूल्यांकनपत्रात नसते.

हिऱ्यांच्या व्यापारातील कुटुंबांना एक गोष्ट विशेष गमतीची वाटेल. हॉट व्हील्सला ४० वर्षे झाली तेव्हा, २००८ साली, मॅटेलने बेव्हर्ली हिल्सच्या एका जवाहिऱ्याकडून पांढऱ्या सोन्याची एक मोटार घडवून घेतली. तिच्यावर २,७०० च्या वर निळे, काळे आणि पांढरे हिरे जडविले होते आणि मागच्या दिव्यांच्या जागी माणके होती. तिची किंमत १,४०,००० डॉलर सांगितली गेली. एका पारड्यात सोने, हिरे आणि कुशल कारागिराची मजुरी. दुसऱ्या पारड्यात चार आण्यांचे जस्त, थोडे प्लॅस्टिक आणि अभियंत्याची एक चूक. आणि तराजू जवळजवळ समतोल!

या चार आण्यांच्या जस्तात एक आणखी भानगड आहे. या मोटारी जस्तात थोडे ॲल्युमिनियम, तांबे आणि मॅग्नेशियम मिसळून केलेल्या धातूच्या असतात. त्यात शिशाचा अल्पसा अंश शिरला, तर धातू आतल्या आत, कणाकणांच्या सांध्यांतून कुजू लागतो. प्रथम मोटार किंचित फुगते, मग केसासारख्या भेगा पडतात आणि एके दिवशी हात लावताच तिचे तुकडे होतात. महायुद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी मोटारी अशा गेल्या. ज्यांनी मुलांच्या हातांपासून त्यांना जपले, काचेच्या कपाटात मऊ कापडावर ठेवले, त्यांच्या मोटारीही सुटल्या नाहीत. रोग पहिल्या दिवसापासून पोटातच होता. उलट अगदी सुरुवातीच्या काही मोटारी शिशाच्याच ओतलेल्या होत्या. आजच्या ज्ञानाप्रमाणे मुलांच्या हाती देऊ नये असा तो धातू, पण त्या मोटारी मात्र शाबूत राहिल्या.

ओडेल यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध अजून सांगायचा आहे. १९८२ साली लेस्नी कंपनी बुडाली. ओडेल तेव्हा साठी ओलांडलेले गृहस्थ. त्यांनी स्वस्थ बसण्याऐवजी एनफिल्ड येथे नवी कंपनी काढली आणि आपले आडनाव इंग्रजी अक्षरांत उलटे लिहून तिला ‘लेडो’ हे नाव दिले. जुन्या काळच्या घोडागाड्या, बस आणि व्हॅन यांच्या प्रतिकृती तेथे बनू लागल्या. त्यांवर जुन्या-नव्या कंपन्यांच्या सुबक जाहिराती असत. कारागिरी उत्तम होती, रंगकाम डिंकीच्या तोडीचे. पण गिऱ्हाईक बदललेले होते. आता मोटारी मोठी माणसे विकत घेत होती आणि तीही जपून ठेवण्यासाठी. ‘मर्यादित आवृत्ती’ असे छापलेली प्रमाणपत्रे खोक्यात येऊ लागली. एव्हाना डिंकी आणि मॅचबॉक्सच्या लिलावांच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकू लागल्या होत्या आणि ज्यांनी लहानपणी आपल्या मोटारी फोडल्या होत्या, त्यांनी या खेपेस शहाणपण करायचे ठरविले होते. खोके न उघडता, प्रमाणपत्रासह, माळ्यावर.

सर्वांनीच हे शहाणपण केले. परिणामी लेडोच्या मोटारी फुटल्या नाहीत, हरवल्या नाहीत, पावसात भिजल्या नाहीत. आज इंग्लंडमध्ये कोणी म्हातारा गृहस्थ वारला की त्याच्या माळ्यावरून खोकीच्या खोकी उतरतात. शेकडो व्हॅन, सर्व कोऱ्या, सर्व प्रमाणपत्रासह. आणि लिलाववाले त्या पेटाऱ्याने विकतात. नग पौंड-दोन पौंडांना पडतो, कित्येकदा तेवढ्यालाही नाही. आर्चवे रोडच्या दुकानाची जाहिरात मिरविणारी ती व्हॅन आणि या व्हॅन यांच्यात बनावटीच्या दृष्टीने फार अंतर नाही. लेडो १९९९ साली बंद पडून दुसऱ्यांच्या हाती गेली. ओडेल २००७ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी वारले. एकाच माणसाने मुलीसाठी केलेल्या खेळण्यातून निघालेला माल चढत गेला आणि संग्राहकांसाठी केलेला माल उतरत गेला, याबद्दल त्यांना काय वाटत होते ते समजण्याचा मार्ग नाही. बहुधा पुढचा साचा कसा सुधारावा याचाच ते विचार करीत असावेत.

भारताचा या व्यवहाराशी संबंध थोडा, पण खरा आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कोलकात्याला आले आणि त्यांतून ‘निकी’ नावाने मोटारी निघू लागल्या. साच्यातले ‘डिंकी’ हे नाव घासून तेथे नवे नाव कोरले होते. रंग जाड आणि काम ओबडधोबड होते. पुढे ऐंशीच्या दशकात मुंबईच्या ब्लो प्लास्ट समूहाच्या ‘लिओ’ नावाने हॉट व्हील्स येथे बनल्या. त्यांचे रंग अमेरिकेतल्या मोटारींहून वेगळे होते. ज्या घरांत त्या काळी मुले होती, तेथील खेळण्यांच्या डब्यात यांपैकी एखादी होतीच आणि चार चाकांपैकी दोन बहुधा नव्हती. आज परदेशातले लोक या ‘निकी’ आणि ‘लिओ’ शोधत फिरतात. दर दिवाळीच्या साफसफाईत किती डबे भंगारवाल्याकडे गेले असतील, ते त्या भंगारवाल्यालाच ठाऊक.

आता चाक पुन्हा फिरले आहे. मॅटेल १९९५ पासून आपल्या साध्या मोटारींच्या पेट्यांत काही विशेष नग मिसळते. पहिल्या वर्षी अशा बारा मोटारी होत्या आणि प्रत्येकीचे दहा हजार नग. २००७ पासून त्यांतल्याही विशेष नगांना चमकता रंग आणि रबरी टायर मिळू लागले. आपल्याकडील मोठ्या दुकानांत नवा खोका उघडला की, पहिला हात मुलाचा पडत नाही. तिशी-चाळिशीतली माणसे पुठ्ठ्याच्या मागची खूण पाहत सगळा खोका चाळून घेतात आणि दीड-दोनशे रुपयांची मोटार दारातच चौपट-पाचपट भावाने पुढे सरकते. त्यात बनवाबनवीही आली. साध्या मोटारीला रबरी टायर चढवून, रंग देऊन, प्लॅस्टिकचे आवरण पुन्हा चिकटवून ती विशेष म्हणून विकणारे आहेत. जुन्या डिंकीची नवी खोकी छापणारेही आहेत. ज्या बाजारात मालापेक्षा वेष्टनाला भाव, तेथे हे होणारच.

बऱ्या घरांतून अलीकडे एक दृश्य दिसते. दिवाणखान्यात भिंतीवर काचेचे कपाट, त्यात पुठ्ठ्यासह टांगलेल्या ऐंशी-शंभर मोटारी. वडील पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, ही दोनशेला घेतली, आज हिचे बाराशे आहेत. सगळे पिंटूच्या नावाने ठेवले आहे, पुढे शिक्षणाला होईल. पिंटू खाली उभा असतो. त्याचे डोके कपाटाच्या खालच्या फळीला लागते. त्याच्या हाती मोबाइल असतो, कारण मोटारी उघडायच्या नाहीत. आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकतात. त्यांनी आयुष्यभर पडून राहिलेल्या मालाचे भोग पाहिलेले असतात. ते बोलत नाहीत. घर आता मुलाच्या ताब्यात आहे, आणि बाराशेचा आकडा खोटा आहे असेही त्यांना म्हणता येत नाही.

ज्यांना हे जुने नग हवे असतात, त्यांचे वय पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. डिंकीवर बोली लावणारे प्रामुख्याने चाळीस-पन्नासच्या दशकांतली मुले. हॉट व्हील्सवर बोली लावणारे सत्तरच्या दशकातली. जे लहानपणी हातात होते, किंवा दुकानाच्या काचेतून पाहूनच परतावे लागले होते, ते माणूस म्हातारपणी विकत घेतो. ती पिढी ओसरू लागली की तिच्या मोटारींची मागणीही ओसरते. साध्या डिंकींचे भाव याच कारणाने मंदावले आहेत. फक्त अतिदुर्मीळ नग तग धरून आहेत. पिंटूच्या पिढीला पुढे काय हवेसे वाटेल, हे ज्या वस्तूंशी ती आज खेळते आहे त्यांवर ठरेल.

इंग्लंडमधील लिलावघरांत विक्रीच्या आधी माल पाहण्यासाठी मांडून ठेवतात. किमती नग काचेआड असतात. बाजूच्या मेजावर पुठ्ठ्याच्या उघड्या खोक्यांत खेळून झिजलेल्या मोटारी ढिगाने पडलेल्या असतात. रंग उडालेला, काच गेलेली, एखाद्या मोटारीच्या पोटावर कोणा मुलाने खिळ्याने आपल्या नावाची आद्याक्षरे कोरलेली. यादीत अशा नगाची नोंद दोष म्हणून होते आणि भाव उतरतो. पाहायला आलेली वयस्क माणसे आधी काचेआडचे नग न्याहाळतात, चष्मा वर-खाली करून यादीशी ताडून पाहतात. मग त्यांतला एखादा त्या उघड्या खोक्याकडे वळतो, तळाशी हात घालून एक मोटार बाहेर काढतो आणि मेजावर ठेवून बोटाने थोडी पुढे ढकलून पाहतो.